पेर्कूनसची तलवार

मार्गशीर्ष शु. २, शके १७८५. अमरावती.
अमेरिकेतली लढाई चालूच. कापूस पुन्हा चढला. दिवसभर साहेबाच्या सौद्यांचं मराठी करून घसा बसला. संध्याकाळी तो आमच्या ओसरीवर. त्याचा देश बाल्टिक समुद्राकाठी, तिथला मेघगर्जनेचा देव पेर्कूनस. बोकड जुंपलेला रथ. सैतान दगडाखाली लपतो, हा त्याच्यावर वीज टाकतो. मी करीमभाई बंडीवाल्यांना मराठीत सांगत होतो. दाराआड सौ. हसली. लग्नाला इतकी वर्षं झाली. हे हसू ओळखीचं नाही.

शु. ३
करीमभाई भर बाजारात: "मुन्शीजी, गोष्ट साहेबाची अन् हसू तुमच्या घरातलं. तुमी निस्ते मधात!"
मीही हसलो. जेवण गेलं नाही.

शु. ५
वाढताना सौ.: "अजी, त्या विजेवाल्या देवाचं पुढं काय झालं?"
माझ्या दिवसाचं काय झालं, हे तिने कधी... असो.

शु. ६
साहेबाने पुढची सांगितली. त्यांच्यात सूर्य ही बाई, चंद्र तिचा नवरा. ती पहाटे उठून गेली. हा एकटाच भटकला, शुक्राच्या चांदणीवर भाळला. पेर्कूनस खवळला. तलवारीने चंद्राचे दोन तुकडे केले.
मी उलटं सांगितलं. सूर्यच भाळली, परक्यावर. तलवार तिच्यावर पडली. साहेब समाधानाने मान डोलावत होता. त्याला मराठी कुठे येतं.
दाराआड हसू नाही. बरं वाटलं.

शु. ८
सौ. अंगणात, मान वर. चंद्र बरोबर अर्धा.
"अजी, सूर्य त रोज अख्खा निंगते. कापलेला त हाच दिसते."
मी चपला काढत राहिलो.
"साहेबानं असंच सांगतलं?"
"असंच."
"बरं."

शु. ९
अवेळी ढग. बाजारात कापूस उघडा, सगळ्यांची धावपळ. उद्या साहेबाबरोबर अकोल्याला, बैलबंडीने. सौ.ने दशम्यांची दोन गाठोडी बांधली. दुसरं कोणाचं, विचारलं नाही.
"वाटेत थे गोष्ट पुन्हा इचारा. कोन कोनाले सोडून गेलं थे. नीट आयका, अन् मले येऊन सांगा."
लांब, बडनेऱ्याकडे गडगडलं.
"पेर्कूनस," ती म्हणाली. थेट साहेबासारखं. माझ्या जिभेवर ते नाव अजून अडखळतं.