सनद परत मागताना

उचगाव, मार्च २००४

चि. सौंदर्या,

हे पत्र तुला पाठवणार नाही, म्हणून खरं लिहिते.

सोमवारी कोर्टात तू आमच्या फौंड्रीची बाजू मांडलीस आणि केस जिंकलीस. मुद्दे सगळे मी काढून दिले होते. मी फौंड्रीची लॉ ऑफिसर. अप्पा अंथरुणाला खिळले तेव्हा मी ही नोकरी धरली आणि नियमाप्रमाणे वकिलीची सनद स्थगित करून घेतली. पगारी नोकरी करणाऱ्याला कोर्टात उभं राहता येत नाही.

जजसाहेबांनी आडवा प्रश्न टाकला, तू चाचपडलीस आणि मी नकळत उभी राहिले.

"आपण वकील आहात?"

"नाही साहेब. कंपनीत नोकरीला आहे."

"मग बसा."

बसले. हळूच तुला उत्तर सांगितलं. तू ते इतक्या झोकात बोललीस की तुझ्या अंगावरचा काळा कोट ओरबाडून घ्यावासा वाटला.

घरी अव्वा तुझी दृष्ट काढत होती. तू म्हणालीस, "अक्का, मुद्दा तुझाच हुता की!"

"व्हय, पण बोललीस तू," म्हणून मी हसले. तेवढं हसताना गालफडं दुखली.

आज राजीनामा दिला. सनद पुन्हा सुरू करायचा अर्जही केला. अव्वाला वाटतंय, आता तिच्या दोघी लेकी मिळून ऑफिस थाटतील. मला मात्र तुझ्या विरुद्ध बाजूनं उभं राहायचंय. त्या दिवशी तू हरलीस तर मला वाईट वाटेल का, हे माझं मलाच सांगता येत नाही.

तुझी अक्का,
शिवलीला