दुनहुआंगच्या मोहिमेचा नेता

२ ऑगस्ट, शनिवार. वॉटरफोर्ड, आयर्लंड.
ठरलं. ऑक्टोबरात दुनहुआंग! चीनच्या वायव्येला, गोबीच्या कडेला. हजार-दीड हजार वर्षांची चित्रं असलेली मोगाओची लेणी, आणि घसरत खाली आलं की गुणगुणणारे वाळूचे डोंगर. रेवतीला हे कॉलेजपासून बघायचंय. लग्नात मी शब्द दिला होता, त्याला सतरा वर्षं झाली. मध्ये तीनदा बेत केला, तिन्ही वेळा परिस्थिती आडवी आली. (एकदा तारखा मी चुकवल्या, पण तेही परिस्थितीमुळेच.)
आज मेथी निवडता निवडता रेवतीने सांगितलं की या वेळी ती जाणार म्हणजे जाणारच, आणि यातही मी घोळ घातला तर यापुढे माझ्याबरोबर कुठलाही बेत करणार नाही. आरडाओरडा न करता म्हणाली, म्हणून जास्त लागलं.
नेतृत्व मी घेतलंय.

५ ऑगस्ट
एक्सेल शीट तयार. सात टॅब. 'उंट' हा स्वतंत्र टॅब.
रेवती म्हणते नंदिनीही येणार. नंदिनी म्हणजे तिच्या हॉस्पिटलमधली रेडिओग्राफर, मूळची सांगलीची. बाईला प्लॅनिंग म्हणून काही माहीत नाही, तिथे गेल्यावर बघू म्हणते. म्हणजे आम्ही चौघं: रेवती, मी, आमची बारा वर्षांची इरावती आणि हे लोढणं. चालेल. नेत्याला सगळ्यांना सांभाळून घ्यावं लागतं.

९ ऑगस्ट
व्हिसाचा विषय मार्गी. तिघींकडे आयरिश पासपोर्ट आहेत. माझा भारतीय. नागरिकत्वाचा फॉर्म चार वर्षं किचनच्या प्रेसमध्ये (इथे कपाटाला प्रेस म्हणतात) डाळींच्या डब्यांमागे पडलाय. आळस नाही, भावनेचा प्रश्न आहे.
तर वेबसाइटवर स्वच्छ लिहिलंय, आयर्लंडला व्हिसा माफ. आपण अकरा वर्षं आयर्लंडमध्येच आहोत. रेसिडेन्स कार्ड आहे, फोटोसकट. शीटमध्ये चारही चौकोन हिरवे केले.
ह्युएनत्संगसुद्धा परवानगी न घेताच निघाला होता म्हणे. त्याच वाटेने! माणूस मोठा होता.

२४ ऑगस्ट. दुपारी.
वाळूवर चालण्याचा सराव. सगळ्यांना घेऊन ट्रमोरच्या समुद्रकिनाऱ्यावर गेलो, तिथे डोंगर नाहीत पण टेकाडं आहेत. पाऊस. ओली वाळू गुणगुणत नाही. मी घसरून दाखवलं, तेव्हा पँट गुणगुणली. इरा तिच्या त्या वॉटरफोर्डी हेलात म्हणाली की डॅड, तू दुसऱ्यांदा पडशील तेव्हा सांग, मला व्हिडिओ काढायचाय. रेवती खूप दिवसांनी पोट धरून हसली. बरं वाटलं. उद्यापासून रोज पाच किलोमीटर चालणार.

२५ ऑगस्ट
कंबर.

१५ सप्टेंबर
मोगाओची तिकिटं बरोबर तीस दिवस आधी खुली होतात आणि भराभर संपतात. चीन सात तास पुढे. मी सात वजा करायच्या ऐवजी मिळवले. हे कुणाचंही होऊ शकतं. मी अलार्मवर उठून, आंघोळ वगैरे करून बसलो तर सगळं संपलेलं.
तोवर नंदिनीने बसस्टॉपवर उभ्या उभ्या फोनवरून चार तिकिटं काढली होती. आंधळ्याच्या हाती बटेर. रेवतीने तिला मिठी मारली. माझ्या 'लेणी' टॅबबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

२८ सप्टेंबर
एका जागी बसवत नाही. मीटिंगमध्येही उभाच असतो. मॅनेजरने विचारलं, बाथरूमला जायचंय का.
बॅग चौथ्यांदा भरली. मेथीचे ठेपले घ्यायचे की दशम्या, ठरत नाही. दशम्या वाळवंटात टिकतील, पण ठेपल्यांनी मॉराल टिकेल.
रेवतीने तिसऱ्यांदा विचारलं की तुझ्या व्हिसाचं नक्की का. मी सांगितलं, ऑल ग्रँड. ती म्हणाली, एक फोन करून विचार ना. आता मात्र मी चिडलो. सतरा वर्षांच्या संसारात एवढाही विश्वास नसावा? दोन तास बोललो नाही. मग तीच गप्प बसली. जिंकलो.

१२ ऑक्टोबर, रविवार. डब्लिन एअरपोर्ट, ११.४०.
काउंटरवरच्या बाईने आधी तिघींचे बोर्डिंग पास दिले. माझा पासपोर्ट पुढून पाहिला, मागून पाहिला, लव्हली म्हणाली आणि व्हिसा मागितला. मी रेसिडेन्स कार्ड पुढे केलं. तिने सुपरवायझरला बोलावलं. युअर मॅन, म्हणजे हा सुपरवायझर, अतिशय गोड बोलला. व्हिसा माफ आहे तो आयरिश पासपोर्टला, आयर्लंडमध्ये राहणाऱ्या माणसाला नाही. मी त्याला शीट दाखवली. त्याने हिरव्या रंगाचं कौतुक केलं.
रेवती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, एक फोन केला असतास तर. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, चार दिवसांत गाठतोच. तिने घराची किल्ली माझ्या हातात दिली आणि तिघी आत गेल्या. इराने तेवढं वळून पाहिलं. ठेपल्यांचा डबा माझ्याकडेच राहिला.

१२ ऑक्टोबर, दुपारी. वॉटरफोर्डच्या बसमध्ये.
ठेपले संपले.

१४ ऑक्टोबर
अर्जंट व्हिसा अर्ज. फोटो तीनदा परत आला. कान दिसत नाहीत म्हणे. माझे कान! सेंटरवाल्यांच्या मते या ट्रिपपुरतं तरी जमणं अवघड आहे. असो. कुणीतरी बेस कॅम्पवर असावंच लागतं. बाथरूमचा नळ दुरुस्त करायला घेतला. अर्धा सोडला. नदीकाठी क्वेवर दोन फेऱ्या मारून आलो. परत नळ.

१६ ऑक्टोबर
इराने फोटो पाठवले. वाळू खरंच डोंगराएवढी आहे! मध्ये चंद्रकोरीसारखं तळं. तिघींच्या पायांत वाळू शिरू नये म्हणून तिथे घालतात ते भगवे कापडी बूट. रेवती डोंगरमाथ्यावर पाय पसरून बसलीय, केस विस्कटलेले. असं सैल बसलेलं तिला मी कधी पाहिलं नाही. माझ्याबरोबर प्रवासात ती सारखी घड्याळ बघते.
फोन केला. लेणी आतून बघताना रडू आलं, म्हणाली. मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. मी विचारलं, यादांगच्या खडकांना किती वाजता पोचलात, शीटप्रमाणे चार वाजता का? ती म्हणाली, शीट उघडलीच नाही रे.

१९ ऑक्टोबर
आनंदाची बातमी! इराचा मेसेज आला, आईने पुढच्या वर्षीच्या, चीनमधल्याच तुर्फानच्या ट्रिपसाठी तीन सीट्स बुक करून टाकल्या, आगाऊ पैसे भरून. तीन! म्हणजे नंदिनीला या वेळी वगळलं. रेवती, इरा, मी. माणूस बोलत नाही, पण मनात असतं, हेच मी म्हणत होतो. रागावलीच नव्हती ती.
लगेच नवी शीट उघडली. तुर्फान. आठ टॅब. द्राक्षांच्या मळ्यांचा स्वतंत्र. दिवसभर चालत होतो घरात, बसलोच नाही.

२० ऑक्टोबर. सकाळी.
शीट इराला पाठवली. तिचं उत्तर लगेच आलं. तिसरी सीट नंदिनीमावशीची आहे, डॅड, तुझी नाही, आईला वाटलं तुला कळलंच असेल. खाली सॉरी आणि एक हृदय.
मी छान, मजा करा, असं लिहून पाठवलं. नंतर बराच वेळ सिंकपाशी उभा राहिलो. लेणी नाही बघितली तरी चाललं असतं मला. रेवतीबरोबर जायचं होतं.