शून्यानंतरचे हजार

रनाळे,
बुधवार, १५ एप्रिल

प्रिय भूपा,

हे पत्र तुला रिषभ देईल. इंदरचंद शेठचा रिषभ, नंदुरबारच्या कापड दुकानातला. दर गुरुवारी तो माल घ्यायला सुरतेला येतो, तुझ्या मार्केटच्या समोरच उतरतो. त्याच्याकडे एक पिशवीही दिली आहे. ती आत्ता उघडू नकोस, आधी हे वाच. फोनवरच बोलले असते, पण सहा दिवसांत माझे नऊ फोन तू उचलले नाहीस, आणि दहावा उचललास तो "ताई, गोव्याची तिकिटं काढली, शनिवारी बाराला सुरत स्टेशनवर ये, बाकी गाडीत बोलू" एवढं सांगून ठेवून दिलास. मी आले नाही तर तू एकटा जाशील, हे तुझ्या आवाजावरूनच कळलं. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. म्हणून हातानं लिहायला बसले. सवय मोडली आहे, अक्षराला हसू नकोस.

आधी घरची खबर देते, नाहीतर म्हणशील ताई एकदम अंगावर आली. पपईला यंदा भाव नाही, तरी तुझे दाजी नेहमीसारखे शांत. झाडांना पाणी मिळालं आणि त्यांना चहा मिळाला की त्यांची दुनियेबद्दल काही तक्रार नसते. काजलची सहावीची परीक्षा संपली. गणिताचा पेपर सोपा गेला म्हणते, म्हणजे आईवर गेली की मामावर ते निकालात दिसेल. रविवारी अक्षय्य तृतीया, आपली आखाजी. गल्लीतल्या पोरी रोज संध्याकाळी गौराईची गाणी म्हणतात, निंबाला झोका बांधून झालाय, आणि सगळ्या सुना माहेरच्या पिशव्या भरतायत. हातपंपावर जिला तिला एकच प्रश्न, तुझा भाऊ कधी येतोय न्यायला? मी सांगते, येईल. सांगताना घागरीकडे बघते.

भाऊबीजेला ओवाळणीत तू मला तुझा जुना लॅपटॉप दिलास, काजलच्या अभ्यासाला होईल म्हणून. त्यात तो पत्त्यांचा प्रोग्राम तसाच राहिला होता. ब्लॅकजॅक हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तू पाच मिनिटांत समजावलंस: दोन पत्ते आपले, वाटणाऱ्याचा एक उघडा, एकवीसच्या जवळ जायचं पण एकवीस ओलांडायचं नाही. आपले सोळा असले आणि समोर दहाचा पत्ता दिसला, तर छातीत धडधडलं तरी आणखी एक पत्ता घ्यायचा. आपले बारा आणि समोर चारचा पत्ता, तर हात बांधून गप बसायचं. दोन अठ्ठ्या आल्या की त्यांचे दोन वेगळे डाव करायचे. चुकलं की पडद्यावर लाल फुली, जमलं की हिरवी खूण, आणि शंभर डावांनंतर टक्के. तू निघालास तेव्हा माझे एकसष्ट होते, तुझे ब्याण्णव, आणि तू मला चिडवत चिडवत गाडीत बसलास. चिडवायला नको होतंस रे. सेकंड इयरला मी कॉलेजात गणितात पहिली आले होते आणि त्याच उन्हाळ्यात माझं लग्न लागलं, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

मग रोज दुपारी भांडी आवरली की मी बसू लागले. दाजी शेतावर, काजल शाळेत, सासूबाई झोपलेल्या. मला पैशाचा मोह कधीच नव्हता, हे शपथेवर सांगते. मला ती हिरवी खूण हवी असायची. पंधरा वर्षं या घरात राबतेय, कुणी वाईट म्हटलं नाही आणि कुणी बरोबरही म्हटलं नाही. ते यंत्र दर दहा सेकंदांनी म्हणत होतं, बरोबर. संक्रांतीपर्यंत मी नव्याण्णववर पोचले. गेलेले पत्ते मनात मोजायचे, छोटा गेला की एक मिळवायचा, मोठा गेला की एक वजा करायचा, तेही शिकले. भाकरी थापताना बोटं आपोआप मोजायची. काजल म्हणायची, मम्मी, तू काय पुटपुटतेस?

आता जे आपण दोघं कधीच बोललो नाही ते लिहिते. गोव्याचं तू काढलं नव्हतंस, मी काढलं होतं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मीच तुला फोन केला. तू हसलास, म्हणालास, ताई, तिथे खरे पैसे लागतात. मी म्हणाले, आबांनी तुला सुरतेच्या खोलीसाठी दिलेत ना, त्यातले थोडे घे, दुप्पट करून परत ठेवू. आबांच्या निवृत्तीचे पैसे, तेहतीस वर्षं नंदुरबारच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून उभं राहून मिळालेले. माझ्या तोंडून ते वाक्य किती सहज निघालं. दाजींना सांगितलं, भाऊ समुद्र दाखवायला नेतोय. ते म्हणाले, जा, तू कुठे कधी जातेस.

पणजीच्या नदीतली ती कॅसिनोची बोट. वाटणारी मुलगी तुझ्याहून लहान, हसरी. दहा मिनिटांत मला कळलं की तिथे पत्ते सारखे पिसणारं यंत्र आहे, म्हणजे माझी मोजणी फुकट. शहाणी असते तर तिथेच उठले असते. पण पत्ते चांगले येत होते आणि पहिल्या दोन तासांत आपण अडतीस हजारांनी वर होतो. तेव्हा तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. इतकी गर्दी, गाणी, दिवे, आणि त्यात तुझी आपली घरची बोली: "ताई, उठ आते. आबा ऱ्हाता ते उठी जाता." खरंच होतं ते. वर्षातून एकदा, आखाजीला, आबा पत्त्यांना हात लावतात. निंबाखाली सतरंजी, झन्नामन्ना, दोन-दोन रुपये. आणि गौराई नदीवर बोळवून पोरी गात गात गल्लीत शिरल्या की हातात राजा असो की राणी, पत्ते खाली ठेवून उठायचे. जिंकत असले तरी. लोक चिडवायचे, हिलालआबा, गाडी सुटनी का? आबा धोतर झटकत म्हणायचे, सुटनी. मला हे सगळं त्या क्षणी आठवलं होतं, भूपा. तरी मी तुला म्हणाले, "तू गप बस, माले समजस."

पुढचं तुला माहीत आहे, फक्त एक गोष्ट माहीत नाही. पैसे संपले तेव्हा मी उठले नाही, मांडीवर हात ठेवून तशीच बसून राहिले. तुला वाटलं, ताईला धक्का बसला. मी वाट बघत होते. त्या प्रोग्राममध्ये शून्य झालं की टिंग असा आवाज होतो आणि परत हजार येतात, आपोआप, काही न विचारता. तीन महिन्यांत मी कितीदा शून्य झाले असेन, आणि तितक्याच वेळा हजार आले होते. त्या टेबलाशी बसून मी त्या हजारांची वाट बघत होते. गणितात पहिली आलेली बाई! वाटणाऱ्या मुलीनं मला वगळून शेजाऱ्याला पत्ते वाटले तेव्हा मी भानावर आले. आणि भानावर येऊन काय केलं, तर वळून तुझ्यापुढे हात पसरला. तुझा चेहरा पांढरा पडला होता, पण तू दिलेस. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिलेस. माझे शून्यानंतरचे हजार तूच झालास. त्या दोन दिवसांत पत्त्याची एकही चूक मी केली नाही, सोळावर घ्यायचा तेव्हा घेतला, बारावर थांबायचं तेव्हा थांबले. आबांचे दोन लाख मी एकही चूक न करता घालवले.

परतीच्या गाडीत तू म्हणालास, मी हरलो असं सांगतो, तुला सासर आहे. मी नाही म्हणाले नाही. हे वाक्य लिहायला मला इथवर यावं लागलं. खांडबाऱ्याला आपल्या घरी आबा ओट्यावर उभे राहून तुला म्हणाले, "मन्हा दारले पाय लावू नको," तेव्हा मी आत चुलीशी वांग्याची भाजी ढवळत होते. आई रडत होती, मी तिला पाणी दिलं. तू पिशवी उचलून स्टेशनकडे चालू लागलास आणि मी भाजीत मीठ घातलं, तेही दोनदा. आबांनी ती खारट भाजी तशीच खाल्ली.

आणि आता तू निघालायस ते पैसे परत आणायला. तुला पत्त्यांची ओढ नाही, मी ओळखते ना तुला. तुला ते आबांच्या ओट्यावर ठेवून घरात शिरायचंय. मेसेजमध्ये लिहिलंस, आता माझेही सत्त्याण्णव टक्के झालेत, आणि तू बसलीस तर काम पक्कं. वेड्या, माझे नव्याण्णव होते. आणि ऐक, मी काही शहाणी होऊन लिहीत नाहीये. गोव्याहून आल्यावरही दुपारी खेळतच होते. फोनवर तुझं ते ऐकल्यावर मी खरंच पिशवी भरली, निळी साडी वर ठेवली, दाजींना सांगितलं की भूपा बोलावतोय. मला यायचं होतं. आत्ता लिहितानाही यायचंय. चार दिवस मी त्या पिशवीशेजारून इकडून तिकडे फिरत होते.

काल सकाळी ती पिशवी तशीच उचलली, लॅपटॉप घेतला आणि खांडबाऱ्याला गेले. आबा ओट्यावर कैऱ्या फोडत बसले होते. सगळं सांगितलं, संक्रांतीच्या फोनपासून वांग्याच्या भाजीपर्यंत. अडकित्ता मध्येच थांबला, पण त्यांनी मान वर केली नाही. वाटलं, आता मलाही दार बंद. मग अडकित्ता बाजूला ठेवून म्हणाले, "दखाड माले." मी लॅपटॉप उघडून दिला. एका बोटानं खेळायला लागले, मी फक्त बटणं सांगत होते. आबांना तुझे-माझे नियम कुठले माहीत, तरी पत्ते चांगले आले, हजाराचे तेराशे झाले. मग त्यांच्याकडे सोळा आले, समोर दहा, आणि पत्ता घ्यायचा की थांबायचं ते प्रोग्राम विचारू लागला. आबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, उठले आणि हात धुवायला मोरीत गेले. मी म्हणाले, आबा, डाव अर्धाच राहिला. आतून म्हणाले, "जेवाना टाईम व्हई गया." पडद्यावर तो प्रश्न तसाच लुकलुकत राहिला आणि मी त्याच्यासमोर बसून हमसून हमसून रडले.

आज दुपारी शेतावर भाकरी घेऊन गेले तेव्हा तुझ्या दाजींनाही सांगून टाकलं. ते पपईच्या ओळींकडे बघत राहिले, चहाचा गडू तसाच गार झाला. पुढे काय बोलतील ते मला माहीत नाही, आणि जे बोलतील ते मी ऐकून घेईन. रिषभकडच्या पिशवीत लॅपटॉप आहे. तो प्रोग्राम पुसायला आज सकाळी बसले होते. पुसायच्या आधी शेवटचा एक डाव म्हणता म्हणता अकरा डाव झाले. माझ्या हातून ते होणार नाही, तू पूस.

आता हे पत्र कशासाठी लिहिलं ते. काल निघताना आबा दारापर्यंत आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "भूप्याले सांग, आखाजीले घर ये." तेवढंच. पैशांचा शब्द नाही, माझं नाव नाही. पंधरा वर्षं दर आखाजीला तू मुऱ्हाळी होऊन रनाळ्याला आलास, मला माहेरी न्यायला, एकदा तर ताप अंगात घेऊन आलास. यंदा तुला न्यायला मी येतेय. शनिवारी बाराला, तू म्हणालास तिथेच, सुरत स्टेशनवर. तुझ्याकडे गोव्याची दोन तिकिटं असतील, माझ्याकडे खांडबाऱ्याची दोन. पण एक कबूल करते, भूपा. तुझी ती गाडी समोर येऊन उभी राहिली तर माझा मला भरवसा नाही. मी बाकावर बसूनच राहिले, त्या गाडीकडे बघत राहिले, तर त्या दिवशी ठेवला होतास तसा माझ्या खांद्यावर हात ठेव आणि म्हण, ताई, उठ आते. या वेळी मी उठेन.

तुझीच मुऱ्हाळी,
रोहिणीताई