पहिलं पाणी कुणाचं

बेप्पू, बंदरासमोरच्या खानावळीतून

तीर्थरूप फुमिए वन्संना चिझुरुचा साष्टांग नव्हे (कंबर धरली आहे), पण मनापासून वाकून नमस्कार.

ओसाकातही आता पानं लाल व्हायला लागली असतील. तुमचे गुडघे काय म्हणतात? भावोजींचं पथ्य चालू आहे ना, की तुमची पाठ वळली की लोणच्याच्या बरणीशी सलगी सुरू होते? आम्ही चौघंही खुशाल आहोत. जरा जास्तच खुशाल आहोत, आणि त्यातूनच हे पत्र निघालं आहे. इथे जमिनीतूनच वाफ येते. गटारातून येते, कुंपणाखालून येते, काल तर कुणाच्या तरी एवढ्याशा कुंडीमागूनही येत होती. त्यामुळे बोटीतून उतरल्यापासून मला धड जागं असल्यासारखं वाटलेलंच नाही. अक्षर पाघळलेलं दिसलं तर रडत लिहिलंय असं समजू नका, कागद दमट आहे.

आपलं ठरलं होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. वर्षअखेरीला, अख्ख्या आळीला अंघोळ घालणारं मामंजींचं न्हाणीघर बंद करायचं, जागा भावोजींनी घ्यायची, तिथे गाड्या ठेवायची इमारत उभी करायची, आणि हे सगळं मामंजींना कुणीतरी सांगायचं. तुम्ही म्हणालात, लेकीच्या तोंडून त्यांना ऐकवणार नाही. तुमचे भाऊ म्हणाले, मुलाच्या तोंडून तर मुळीच नाही. उरले मी. (सुनेच्या कामांत हेही येतं, हे लग्न ठरवताना कुणी बोललं नव्हतं.) म्हणून न्हाणीघरवाल्यांच्या संमेलनाचं निमित्त काढलं. जोडीला चार ठिकाणं बघायची, आणि कुठेतरी हवा छान लागली की सांगून टाकायचं, असा बेत होता.

पहिल्या दिवशी नरक बघायला गेलो. उकळत्या तळ्यांना इथे नरकच म्हणतात. निळ्या नरकापाशी गर्दी कमी होती, वाफेत समोरचं झाड दिसत होतं आणि नव्हतंही, म्हणून मी घसा साफ केला. मामंजी कठड्याला टेकून टक लावून बघत होते. म्हणाले, "चिझुरु, एवढं गरम पाणी आणि आत एक माणूस नाही. खाली बंब नाही, लाकूड नाही, राख काढायला नको. आणि लोक लांबून बघून परत जातात. कुणीतरी लक्ष घालायला पाहिजे इथे." मग नरकाच्या वाफेवर उकडलेली अंडी आली. ती त्यांनी मिहोच्या वाटणीची धरून सगळी खाल्ली. (तुमच्या भाचीला शुद्ध नव्हती, कॉलेजच्या परीक्षेची झोप ती इथे भरून काढते आहे.) तोंडात अंडं असलेल्या माणसाला असलं काही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी समुद्रकाठी गरम वाळूत पुरून घेतलं. दोन दणकट बायका फावड्याने वाळू ओढतात, की बाहेर नुसती डोकी राहतात. मामंजी, मी, हे आणि मिहो, अशी चार डोकी ओळीने. मला ही जागा फार सोयीची वाटली, कारण सांगितल्यावर मामंजींना उठून जाता आलं नसतं. लाटांचा आवाज येत होता, वाळू हळूहळू हाडांपर्यंत पोचत होती. मी म्हणाले, "मामंजी, न्हाणीघराबद्दल जरा बोलायचं होतं." एका बाजूने घोरणं ऐकू आलं. मग दुसऱ्या बाजूने ह्यांचं. मग, खोटं कशाला बोलू, माझंही असणार, कारण आपलं उंच धुराडं समुद्रातून चालत आलं, काठाशी अदबीने थांबलं आणि पाय ओले आहेत, पायपुसणं मिळेल का म्हणून विचारू लागलं. मी दिलं. जागी झाले तेव्हा आमचा वेळ संपला होता आणि आम्हाला उकरत होते.

राहिलं संमेलन. भाषणं झाली, लोक आता घरीच अंघोळ करतात म्हणून सगळ्यांनी मिळून उसासे टाकले, आणि शेवटी सामुदायिक स्नान. बायकांच्या बाजूला काठोकाठ भरलेला हौद, भोवती टॉवेल घेतलेल्या आम्ही पन्नासेक जणी, आणि कुणी उतरेचना.

"तुम्ही व्हा पुढे."

"अहो छे, तुम्ही लांबून आलात."

"लांबून तर सगळ्याच आलोय, बाई."

वन्सं, तुम्ही त्याच घरात वाढलात, तुम्हाला वेगळं काय सांगायचं. आपण कधी पहिल्या पाण्यात उतरलोय? गिऱ्हाईक गेलं, दारावरचा पडदा उतरवला, की मग उरलेल्या पाण्यात आपण. कुणाचे पायच पुढे होईनात. आओमोरीच्या एक बाई संकोचून खाली वाकल्या आणि पालथी घंगाळं सरळ लावू लागल्या. दुसरीने मोरीतले केस काढले. तिसरीला कुठूनसा ब्रश मिळाला. बघता बघता सगळ्या जणी फरशी घासायला लागलो. वरून उघड्या असलेल्या मधल्या भिंतीपलीकडूनही, पुरुषांच्या बाजूने, तोच खसखस आवाज येत होता. मिहो म्हणाली, "आई, आपण अंघोळीला आलोय ना?" ब्रश तिच्याही हातात होता.

शेवटी पलीकडे कुणीतरी शिंकलं आणि ठरलं की वयाने सगळ्यात मोठे असतील त्यांनी उतरायचं. म्हणजे मामंजींनी. ते नको नको म्हणत होते, मला ओळखीचा तो आवाज. मग पाणी सांडलं. हौद भरलेला असताना पहिला माणूस उतरला की पाणी काठावरून सावकाश, सगळीकडून सांडतं, तो आवाज. शेवटच्या माणसाला तो कधी ऐकू येत नाही. दोन्हीकडचे ब्रश थांबले.

बऱ्याच वेळाने मामंजी म्हणाले, "अच्छा. लोक एवढ्यासाठी यायचे होय. मला साठ वर्षं वाटत होतं, अंग धुवायला येतात."

मग तुमचे भाऊ उतरले. आता सांगतील म्हणून मी भिंतीला कान लावला.

"बाबा, आपलं पाणी याहून गरम असतं."

"असतंच. यंदा धुराडं साफ करून घे. राहिलंय बरेच दिवस."

"हो, बाबा. गेल्या गेल्या घेतो."

मी तिथे उभ्या उभ्या रडले. सगळ्याच ओल्या होत्या, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

भावोजींना नमस्कार. गुडघ्यांना जपा.

तुमची,
चिझुरु

ता. क. भावोजी मंगळवारी टेप घेऊन जागा मोजायला येणार होते, त्यांनी येऊ नये. हे म्हणतात, जागा मिळणार नाही हे मेहुण्याच्या तोंडून भावोजींना ऐकवणार नाही. माझ्या तोंडून तर मुळीच बरं दिसणार नाही. उरलात तुम्ही. हवा छान असेल अशा एखाद्या ठिकाणी घेऊन जा आणि सांगून टाका. वाळूत मात्र पुरू नका, झोप लागते.

पुन्हा ता. क. शनिवारी या. मागच्या दाराने, म्हातारी मंडळी पडद्याबाहेर जमायच्या आधी. टॉवेल आपला आणा, मामंजी घरच्यांनाही फुकट देत नाहीत. हौद काठोकाठ भरून ठेवते. मी आत येणार नाही, भिंतीपलीकडे उभी राहीन. मला फक्त पाणी सांडलेलं ऐकायचं आहे.