अण्णांच्या टाकाचा ऑक्सिजन

।। बिरोबा प्रसन्न ।।

जुळे सोलापूर,
वैशाखातली भर दुपार

जेऊर मुक्कामी हणमंतदाजींना सिद्धरामाचा वाकून नमस्कार.

पाकीट पाहून दचकू नका. आपल्याकडं पत्र आलं म्हणजे कोणीतरी गेलं अशी समजूत आहे, म्हणून पहिल्याच ओळीत लिहितो की आई आहे. (किती आहे, ते पुढं येईल.) अक्काचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, तेल लावलंस की बसून राहा, तेल लावून पुन्हा केळीत पाणी धरायला जाऊ नकोस. म्हैस व्यायली का, आणि रेडी झाली की रेडा, तेही कळवा. फोन करून विचारता आलं असतं, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकून बांधावरून बोलता, त्यामुळं आमच्या घरातलं बोलणं तुमच्या रेल्वे फाटकापर्यंत जातं. इकडं आमचा फ्लॅट असा की मी न्हाणीघरात कुजबुजलो तरी आई देव्हाऱ्यापुढून उत्तर देते. म्हणून कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत टॉवेलच्या गठ्ठ्यावर बसून लिहितोय. अक्षर वाकडं आलं तर गठ्ठा मऊ आहे असं समजा.

तर आईचा श्वास. जन्मभर चुलीचा धूर आणि लोकरीचा भुगा आत गेला, तो आता छातीत घर करून बसलाय. देव्हाऱ्यापासून मोरीपर्यंत जाताना मध्ये एकदा फ्रिजला धरून उभी राहते, आणि विचारलं तर म्हणते, फ्रिज गार लागतो म्हणून थांबले. विजापूर रोडच्या एका डॉक्टरांनी तिला तपासलं आणि मला सांगितलं की बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घरात ठेवा, सकाळ-संध्याकाळ बघा, आकडा ब्याण्णवच्या खाली गेला की विचार करत बसू नका, उचलून घेऊन या. (विचार करत बसायचा माझा स्वभाव त्यांनी एका भेटीत ओळखला.)

मेडिकलवाल्यानं मला दोन यंत्रं दाखवली, एक महाग आणि एक त्याहून महाग. यापेक्षा साधं नाही का, असं विचारल्यावर त्यानं चष्म्यावरून माझ्याकडं असं पाहिलं की मी खोकल्याच्या गोळ्या घेऊन बाहेर आलो. मग तुमच्या भाचीनं, सोनमनं, मोबाईलवर शोधून दिलं. तिथं स्वस्त यंत्रं ढिगानं होती आणि प्रत्येकाखाली लोकांचे अनुभव होते. एकानं लिहिलं होतं, आजोबांसाठी घेतलं, आजोबा गेले, मशीन छान आहे. खाली पाच तारे. मी ते वाचून मोबाईल पालथा ठेवला. शेवटी नव्या पेठेत पोत्यावर मोबाईलची कव्हरं आणि बॅटऱ्या मांडून बसलेल्या एका माणसाकडं कोरोनाच्या काळातला उरलेला माल सापडला. त्यानं यंत्र स्वतःच्या बोटाला लावलं, अठ्ठ्याण्णव. माझ्या बोटाला लावलं, अठ्ठ्याण्णव. 'लेको जाव मामू, इसमें नंबर आताच आता,' असं तो म्हणाला, आणि मला ती हमी पुरेशी वाटली. दोन अनोळखी माणसांचा श्वास तंतोतंत सारखा निघावा यात मला त्या वेळी माणुसकी दिसली.

आपल्यात नवी वस्तू आधी देवापुढं जाते, हे तुम्हाला सांगायला नको. घोंगडं विणलं तर त्याचं टोक आधी बिरोबाला, लोकरीची कातर घेतली तर तिला आधी हळद. सोनमचा मोबाईलसुद्धा पहिला दिवसभर देव्हाऱ्यात होता. (कर्ज देणाऱ्या कंपन्यांचे फोन येत राहिले. देवानं ते सहन केले.) मी यंत्राला कुंकू लावून नुसतं टेकवणार होतो, पण आई म्हणाली, "चिमटा हाय न्हवं त्यो? मग टेकवून काय हुतंय. तुज्या बाच्या टाकाला लाव. पयला मान त्येचा."

अण्णांचा टाक तुम्ही पाहिलाय. बोटाच्या पेराएवढा चांदीचा पत्रा, त्यावर काठी घेतलेला माणूस, सोनारानं मिशा जरा सढळ हातानं दिलेल्या. अण्णा गेल्यावर आपण तो करून देवात बसवला. तुम्ही खांदा दिला होता, म्हणजे अण्णा खरोखर गेले याला तुम्ही साक्षीदार आहात, एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाचा. मी यंत्र टाकाला लावलं. वीज गेली होती, पंखा थांबला होता, खाली रस्त्यावर उन्हाशिवाय कोणी नव्हतं. यंत्रात लाल दिवा लागला. आधी दोन रेघा दिसल्या आणि मग आकडा आला. सत्त्याण्णव. नाडी चौसष्ट. शेजारची बारीक पट्टी वर-खाली होत होती, चालून आलेला माणूस उंबऱ्यावर बसून दम खातो तशी.

मग आईच्या बोटाला लावलं. दोन रेघा. दुसऱ्या बोटाला, तिसऱ्या, मग दुसऱ्या हाताला. रेघाच. मध्ये मी माझ्या बोटाला लावून पाहिलं, शालनच्या बोटाला लावून पाहिलं, आम्हा नवरा-बायकोचे आकडे सारखे. पुन्हा आईला लावलं की रेघा. आईनं टाकाकडं पाहिलं, स्वतःच्या बोटाकडं पाहिलं आणि म्हणाली, "त्येचं ब्येस चाललंय की. माजंच न्हाय." आणि हसायला लागली ती धाप लागेपर्यंत. आम्ही कोणी हसलो नाही.

त्या दिवसापासून अण्णांचा आकडा बघितल्याशिवाय आई चहा घेईना. आकडा रोज थोडा बदलायचा, जिवंत माणसाचा बदलावा तसा. अमावास्येला एक्क्याण्णव आला, तर आईनं उपास धरला. एकदा नाडी एकशेदहाच्या पुढं गेली. आई शांतपणे म्हणाली, मेंढरं उधळली असतील, म्हातारा पळतोय. संध्याकाळी गावाकडून भावकीतल्या गुरप्पाचा फोन आला की कुत्री शिरल्यानं त्याचा कळप माळावर उधळला होता. मी फोन ठेवला आणि आईला सांगितलं.  तिनं देव्हाऱ्यात पाण्याची वाटी तेवढी ठेवली. पळून आल्यावर पाणी लागतं.

ही गोष्ट खालच्या मजल्यावरच्या पार्वतम्मांपर्यंत गेली. त्यांचे मालक मागावर काम करायचे, ते वारल्याला फार दिवस झाले नाहीत. पार्वतम्मा मालकांचा चष्मा घेऊन वर आल्या. चष्म्याच्या काडीला यंत्र लावलं, पंच्याण्णव आले. पार्वतम्मा त्या काडीवर तेलुगूत बराच वेळ रागावल्या. (मला तेलुगू येत नाही, पण बायको रागावली आहे हे कोणत्याही भाषेत कळतं.) मग डोळे पुसून, चष्मा केसात घालून खाली गेल्या. जाताना मला म्हणाल्या, आता बरं वाटतंय, काही बोलायचं राहिलं होतं.

आमच्या घरात डोकं शालनला आहे. तिनं भाजी निवडता निवडता यंत्र भेंडीला लावलं आणि मला हाक मारली. भेंडीचा ऑक्सिजन शहाण्णव होता. तिचं म्हणणं, हे खेळणं आहे, परत करा नाहीतर फेका. मी आईला जाऊन सांगितलं की यंत्र खोटं आहे, भेंडीलाही नाडी दाखवतंय. आईनं मला लहानपणी बघायची तसं बघितलं आणि म्हणाली, "भेंडी जित्ती हाय की रे. कालच तोडल्याली."  त्या दिवशी भेंडीचीच भाजी होती. जिची नाडी आपण सकाळी पाहिली तिला तव्यावर चुरचुरताना ऐकणं सोपं नाही. मी दह्याबरोबर भाकरी खाल्ली.

हे सगळं हसण्यासारखं आहे, दाजी, पण मधल्या काळात आईचे ओठ निळे दिसायला लागले होते. दवाखान्यात चल म्हटलं की नाही म्हणायची. माजा आकडा येत न्हाय म्हंजे माजा हिशेब तिकडं लागलाय, गेलेल्या जिवाला कोण औषध देतंय, असं तिचं उत्तर. मी हात जोडले, शालन रागावली, सोनम रडली. आई फ्रिजला धरून उभी राहायची आणि तिथून फक्त देव्हाऱ्याकडं बघायची. मी सिद्धेश्वराला जाऊन आलो. तिथं काय मागावं हेच मला सुचेना. आईचा आकडा येऊ दे म्हणावं, की अण्णांचा थांबू दे म्हणावं? दोन्ही न मागता पाया पडून आलो.

आणि गेल्या आठवड्यात, अशीच दुपार, आईनं अण्णांचं बघायला सांगितलं. नव्वद. मी यंत्र काढून पुन्हा लावलं. अठ्ठ्याऐंशी. आकडा आमच्या डोळ्यांदेखत उतरत गेला आणि चौऱ्याऐंशीवर थांबला. पट्टी अगदी हळू हलत होती. आई भिंतीला धरून उठली.

"ऊठ. रिक्षा आन," ती म्हणाली. "त्येला दवाखान्यात न्ह्यायला पायजे."

मी काहीतरी समजावून सांगणार होतो. शालननं माझा हात दाबला. तिनं चपला घातल्याही होत्या. आईनं टाक यंत्रासकट पदरात बांधला. रिक्षात तिच्या पदरातून लाल उजेड दिसत होता, विझायचा, पुन्हा लागायचा. रिक्षावाल्यानं आरशातून पाहून विचारलं, मावशी, मोबाईल वाजतोय का. आई म्हणाली, "मोबाईल न्हाय. मालक हायती." त्यानं गाणं बंद केलं आणि पुढचा सगळा रस्ता खड्डे चुकवत इतकी सावकाश रिक्षा चालवली की आत कोणी आजारी नसून झोपलेलं आहे असं वाटावं.

डॉक्टरांनी आईची बोटं हातात घेतली, बर्फासारखी गार म्हणाले, आणि त्यांचं यंत्र तिच्या कानाच्या पाळीला लावलं. चौऱ्याऐंशी. मी शालनकडं पाहिलं. तिनंही पाहिलं होतं. लगेच ऑक्सिजन लावला, तर आईनं मास्क उचलून टाक आत सरकवला आणि म्हणाली, "आधी त्येला." नर्सबाई ओरडणार होत्या, डॉक्टरांनी मान हलवली. तसे ते दोघं एका मास्कखाली निजून राहिले. हळूहळू आईच्या ओठांचा रंग परत आला. डॉक्टरांनी तिचे हात चोळून गरम केले तेव्हा त्यांच्या यंत्रात बोटालाही आकडा आला. आईनं त्यांना विचारलं, त्येचं कसं हाय? डॉक्टर म्हणाले, दोघांचंही सुधारतंय. मला ते देवमाणूस वाटले.

बाहेर आल्यावर त्यांनी आमचं यंत्र स्वतःच्या पेनाला लावून दाखवलं. पेनाचा ऑक्सिजन सत्त्याण्णव. हे काहीही दाखवतं, फेकून द्या, याच्या भरवशावर माणूस जाईल, असं त्यांनी सांगितलं. यंत्र खोटं आहे हे मला मान्य आहे, दाजी. पण पेनाला, चष्म्याला, भेंडीला, मला, त्या पोत्यावरच्या माणसाला, सगळ्यांना खोटं सांगणारं यंत्र एका आईपुरतंच गप्प का बसलं? डॉक्टर म्हणाले, बोटं गार होती. चष्मा काय गरम होता? आणि टाकावर जो आकडा उतरला तोच तिच्या कानावर निघाला, तर घरात आम्ही इतके दिवस नक्की कोणाचा श्वास मोजत होतो? मी हे एकदा बिरोबापुढं बसून विचारलं. मग दिव्यात तेल घातलं आणि उठलो.

आई घरी आली आहे. पलंगाशेजारी ऑक्सिजनची टाकी आहे, औषधं वेळेवर चालू आहेत. लिहिण्यासारखं एवढंच. अक्काला हे पत्र वाचून दाखवू नका, ती रडेल, आणि ती रडली की तिचा गुडघा दुखतो. भाचरांना आशीर्वाद, म्हशीची खबर कळवा.

तुमचा,
सिद्धराम

ता.क. मुद्द्याचं राहिलं. कोरोनात तुम्ही चांगल्या कंपनीचं ऑक्सिमीटर घेतलं होतं, ते चालू असेल तर घेऊन लगेच निघा. पार्सल नको, स्वतः या. पैशाची अडचण आहे असं समजू नका, मेडिकलवाल्याचं त्याहून महाग यंत्र घ्यायचं म्हणून शालननं पैसे बाजूला काढलेत. पण मी नवं आणलं की आई ते आधी अण्णांना लावणार. ते खरं यंत्र आहे, ते काही दाखवणार नाही. मग अण्णा तिच्यासमोर दुसऱ्यांदा जातील. दवाखान्यात ती अण्णांसाठी गेली होती, स्वतःसाठी पुन्हा उठणार नाही.

ता.क. २. अण्णांनी लेकीच्या घरचं कधी काही घेतलं नाही. जेऊरला यायचे तेव्हा स्टेशनच्या नळावर पाणी पिऊन यायचे आणि तुमच्या घरी नातू झाल्यावरही पेल्याला शिवले नाहीत. तुम्हाला त्याचा राग होता, तो आता कामी येऊ द्या. दारातूनच मोठ्यानं म्हणा, हे यंत्र आमच्या घरचं, अक्कानं पाठवलंय. आई स्वतःच ते अण्णांपासून लांब ठेवील आणि फक्त स्वतःच्या बोटाला लावील. हात आधी चोळून गरम करायला सांगा.

ता.क. ३. एवढं करूनही तिनं आपल्या नकळत ते टाकाला लावलंच, आणि आकडा आलाच, तर तुम्ही बघा, पण मला सांगू नका.