साखरेचा बर्फ

१ डिसेंबर, संध्याकाळ

आजपासून रोजनिशी. मला अक्षर येत नाही, म्हणून मी सांगणार आणि सून लिहिणार. मनचं काही घालायचं नाही, असं तिला बजावलं आहे. सून बरी आहे. हो, 'बरी'च लिही.

खालच्या मजल्यावरच्या शिवणबाई रोजच्यासारख्या चहाला आल्या. येताना नाताळचं कार्ड आणलं, स्वतः केलेलं. जाड कागदावर लाल कापडाचा तारा, सुईदोऱ्याने टाचलेला. टाके असे की कोंबडी नाचून गेली. शेजारच्या दोघी बसल्या होत्या, त्यांना कार्ड दाखवलं आणि गमतीत म्हटलं, शाळेतल्या पोरांनी केलंय वाटतं. सगळ्या हसल्या. शिवणबाईपण हसल्या. मग अर्धा चहा तसाच ठेवून गेल्या. काम असेल.

सून म्हणते, आई, तसं बोलायला नको होतं. हिला विनोद कळत नाही. हेसुद्धा लिही.

३ डिसेंबर

शिवणबाई कालही आल्या नाहीत, आजही नाही. सवयीने दोन कप केले, दोन्ही मीच प्यायले. मला काही फरक पडत नाही.

संकल्प: यंदा इमारतीतल्या प्रत्येक दारात माझ्या हातचं कार्ड. कार्ड कशाला म्हणतात ते लोकांना एकदा कळू दे. याचा शिवणबाईंशी काहीही संबंध नाही.

६ डिसेंबर

मुलाने डिंक आणि चमकी आणली. डिंकाच्या वासाने माझं डोकं चढतं. चमकी एकदा घरात शिरली की वर्षभर घासाघासाला दाताखाली येते. दोन्ही परत पाठवलं. कणकेची खळ शिजवली. बर्फाच्या जागी साखर. इथे बर्फ पडत नाही, पण कार्डावर तरी पडलाच पाहिजे. दिव्याखाली अशी चमकते की बघत राहावं.

सून म्हणाली, मुंग्या येतील. मी म्हटलं, तू रांगत होतीस तेव्हापासून मी साखरेचा डबा सांभाळते आहे.

९ डिसेंबर

तारे कापले. ताऱ्याला पाच टोकं हवीत. माझ्या ताऱ्यांना चार आली आणि एक टेंगूळ. कात्री बोथट. सून म्हणते, कालच धार लावून आणली. मुलाला विचारलं, हे काय दिसतं. बराच विचार करून म्हणाला, बेडूक.

संकल्प: तारे रद्द, झाडं करायची. झाड म्हणजे नुसता त्रिकोण. त्यात काय बिघडणार आहे?

१० डिसेंबर

त्रिकोणही बिघडतो.

१२ डिसेंबर

तयार कार्डं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, झाकण घट्ट. आज सुनेला मुद्दाम उघडून दाखवलं. मुंगी औषधालाही नाही. तिने मान डोलावली. लिहिताना आता हसते आहे, पण त्याचं कारण वेगळं असावं.

सकाळी जिन्यात शिवणबाई समोरून आल्या. मी घाईघाईने एका दारावरची पाटी वाचत उभी राहिले. त्या बाजूने निघून गेल्या. मग लक्षात आलं, मला वाचता येत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

१५ डिसेंबर

सून ब्लाउजची बाही उसवून घ्यायला खाली गेली होती, तशीच परत आली. शिवणबाईंच्या मशीनवर चादर टाकलेली. गेले काही महिने उजवा हात थरथरतो, सुई धरवत नाही, गिऱ्हाइकांना त्या नाही म्हणतात. तो लाल तारा त्यांनी आठवडाभर बसून टाचला होता. हात पुरता निकामी व्हायच्या आत एक शेवटची वस्तू करायची होती म्हणे, आणि ती वर द्यायची होती. म्हणजे मला.

मला कुणी सांगितलं नाही. मला कसं कळणार?

रोज समोर बसून चहा प्यायच्या. कप दोन्ही हातांनी धरायच्या. मला वाटायचं, थंडी वाजते.

आज एवढंच. पेन ठेव.

१६ डिसेंबर

लाल तारा कपाटातून काढला आणि आरशाशेजारी लावला. जवळून पाहिलं तर प्रत्येक टाका दोनदा घातलेला आहे.

शिवणबाईंसाठी वेगळं कार्ड करते आहे, सगळ्यांत मोठं. दोन झाडं, एक चंद्र आणि साखर दुप्पट. सुनेने विचारलं, आत काय लिहू, 'माझं चुकलं' लिहू का. मी म्हटलं, नाताळच्या शुभेच्छा लिही. माणसाने साखर एवढी घातली की समोरचा समजून घेतो.

२४ डिसेंबर

मोहीम फत्ते. सगळ्या दारांखालून कार्डं सरकवली. शिवणबाईंचं जाड झालं होतं, दाराखालून जाईना. पायपुसण्यावर ठेवलं, बेल वाजवली आणि पळाले. या गुडघ्यांनी पळाले म्हणजे लिफ्टमध्ये जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

उद्या चार वाजता चहा दोघींचा.

२५ डिसेंबर, सकाळ

माझ्या कार्डांनी इमारत दणाणली आहे. ग्रुपवर एकामागून एक मेसेज. सुनेला म्हटलं, वाच की मोठ्याने. तिने फोन पालथा ठेवला. मुलगा फडकं आणि बादली घेऊन बाहेर पडला. नाताळच्या दिवशी कुठे निघालास विचारलं, तर म्हणाला, दारोदार.

मुंग्या. पहिल्या मजल्यापासून गच्चीपर्यंत, प्रत्येक उंबऱ्यावर. वरच्या मास्तरांच्या बुटात. शेजारणीच्या उशीत, कारण तिला माझं कार्ड आवडलं म्हणून उशाशी घेऊन झोपली होती.

घरं स्वच्छ ठेवली तर मुंग्या येतीलच कशाला? सून म्हणते, हे लिहिणार नाही. लिही. नाही, राहू दे. खोड.

२५ डिसेंबर, रात्र

चार वाजता मी दुसरा कप काढलाच नव्हता. बेल वाजली. दारात शिवणबाई. ताटात पाणी, पाण्यात वाटी पालथी आणि वाटीवर माझं कार्ड, बेटासारखं. मुंगीला पोहता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मला पण ठाऊक होतं, फक्त आठवलं नाही. हात थरथरत होता, पाणी हिंदकळत होतं, सांडलं थोडंच.

त्यांनी कार्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, शाळेतल्या पोरांनी केलंय वाटतं.

उत्तरं द्यायला मी कधी कमी पडले नाही. आज एवढंच म्हटलं, मी केलंय. त्या म्हणाल्या, ते दिसतंच आहे. आणि आत येऊन आपल्या जागेवर बसल्या.

मी त्यांना कप अर्धाच भरून दिला. त्यांनी विचारलं, सणाच्या दिवशी कंजुषी का. म्हटलं, साखर संपली. त्या कपाकडे बघत राहिल्या. मग दोन्ही हातांनी उचलला. एक थेंबही सांडला नाही. मी तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

तीन कप प्यायल्या, अर्धे अर्धे. जे बोलायचं ठरवलं होतं ते माझ्याकडून काही बोललं गेलं नाही.

सून विचारते, आई, निदान इथे तरी लिहू का, माझं चुकलं म्हणून. लिही म्हटलं, पण बारीक अक्षरात. मला कुठे वाचायचंय.