बबन, तुझं डोकं आणि माझा ओला बॉल

प्रिय बबन,

तुला पत्र! तू असतास तर पाकीट फोडायच्या आधीच म्हणाला असतास, "सायकलनं दहा मिनिटाचा रस्ता, त्याले तिकीट काहून लावलं बे मध्या?" पण तुला जाऊन महिना झाला, आणि आज जे झालं ते सांगायला मला दुसरं माणूस नाही.

आज कौसल्या वहिनी घरी आल्या होत्या. सोबत तुझा प्रकाश. एकोणीस वर्षांचा झाला पोरगा, खांद्यांनी तुझ्यासारखाच रुंद. आपल्या मिलच्या टीममध्ये घेतलंय त्याला, आणि तेही सेंटर फॉरवर्ड! वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, याले त्यायच्यासारखं डोक्यानं मारणं शिकवा. तुमच्याशिवाय कोणाले येते?" मी म्हटलं, उद्या तुमच्याकडे येतो, मग बघू.

तू सावनेरहून मिलमध्ये लागलास तो फुटबॉलच्याच जोरावर. बाप कोळशाच्या खाणीत, पोराकडे घालायला दोन शर्ट. सीताबर्डीच्या रद्दीवाल्याकडे आपल्याला ते जुनं इंग्रजी मासिक मिळालं, आठवतं? त्यात एक गोरा सेंटर फॉरवर्ड हवेत उडालेला, मान ताठ, बॉल कपाळावर. ऑफिसातल्या क्लार्कने वाचून दाखवलं: लढाईवरून परत आला आणि खेळायला लागला, त्याचाही बाप खाणीत, अर्धेअधिक गोल डोक्याने. तू लगेच उसळलास, "मंग आपल्यालेही जमते!" ते पान तू सुताची खळ लावून मागाशेजारच्या खांबावर चिकटवलंस. मुकादम ओरडला, तरी काढलं नाहीस.

ओल्या बॉलची अक्कल मात्र माझी. ती त्या मासिकात नव्हती.

तेव्हाचा बॉल चामड्याचा, वरून नाडीने बांधलेला. सरावाच्या आधी मी तो मिलच्या टाक्यात बुडवून ठेवायचो. जड बॉलची सवय झाली की मॅचचा बॉल फुगा वाटेल, असं माझं शास्त्र! मी डाव्या कोपऱ्यातून उचलून मारायचो, तू हेड लावायचास. नाडीचा वळ कपाळावर उमटायचा. "अजून एक," हे मीच म्हणायचो.

आणि गोल झाले रे! फायनलच्या दिवशी पावसाने मैदानाचा चिखल केला होता. बॉल दगड झालेला. समोरचे बॅक डोकं बाजूला घेत होते आणि तू दोन गोल ठोकलेस. लोकांनी तुला खांद्यावर घेऊन मिलच्या फाटकापर्यंत नेलं. मी मागून छाती काढून चालत होतो. दोन्ही बॉल माझ्या पायाचे होते ना!

मग तू खेळता खेळता मध्येच उभा राहायला लागलास. "मध्या, डोकं गरगरून राहिलं. मले दोन दोन गोल दिसून राहिले." आम्ही सगळे एका सुरात: ऊन लागलं! नागपुरात माणसाला दुसरं काही लागतच नाही. खिशात कांदा ठेव, तळपायाला कांदा चोळ, पन्हं पी. तू बिचारा चड्डीच्या खिशात कांदा घालून मॅच खेळायचास आणि समोरची टीम हसायची. एकदा तर डिसेंबरात झालं तसं. डिसेंबरात! तेव्हाही कोणी विचारलं नाही की या थंडीत कुठलं ऊन. मीही नाही.

चाळिशी ओलांडलीस आणि विसरायला लागलास. आधी शिफ्ट, मग घराची गल्ली, मग प्रकाशचं नाव. धंतोलीतल्या डॉक्टरांनी विचारलं, "यांना डोक्याला कधी मार लागला होता का?" वहिनी म्हणाल्या, "नाई जी. दारू नाई, भांडण नाई. फुटबॉल खेळत होते फक्त." डॉक्टरांनी मान हलवली. मी शेजारच्याच खुर्चीवर होतो, बबन. तोंडाशी आलं होतं ते गिळलं. म्हटलं, बॉलने कुठे असं होतं का! खरं सांगू? मी भ्यालो. वहिनी काय म्हणतील याला भ्यालो.

बॉलनेच झालं का, मला आजही माहीत नाही. पण सांगायला हवं होतं. आणि तू तरी? "बस कर मध्या" म्हणायला काय धाड भरली होती तुला? एवढा कसला भिडस्तपणा, तोही माझ्याशी!

गेल्या दिवाळीला आलो तेव्हा तू खाटेवर बसला होतास. "कोण जी तुम्ही?" मला, मध्याला, तुम्ही! थोडा वेळ बसलो, मग निघायला म्हणून उठलो आणि तुझ्या डाव्या हाताला, दाराशी उभा राहिलो. तशी तू मान ताठ केलीस, कपाळ पुढे केलंस आणि थांबलास. माझ्या बॉलसाठी! मी जवळ येऊन तुझ्या कपाळावर हात ठेवला. तो तू झटकून टाकलास आणि पुन्हा कपाळ पुढे केलंस. मला तिथून चपला घालून कसं निघता आलं, देव जाणे.

उद्या रविवार. सकाळीच तुझ्या घरी जातो आणि वहिनींना सगळं सांगतो, प्रकाशला समोर बसवून. धंतोलीत मी गप्प बसलो होतो, तेही सांगतो. वहिनी कदाचित दार लावून घेतील. त्या घरचा चहा मला पुन्हा मिळणार नाही. पोरगा म्हणेल, काकाला माझं बरं बघवत नाही. म्हणू दे. सगळं ऐकूनही त्याला डोक्यानेच खेळायचं असेल तर तो मोठा आहे, ते त्याचं तो ठरवेल.

तुला कोणी विचारलंच नव्हतं, बबन. त्याला मी विचारीन. हे माझं तुला वचन.

तुझा,
मधू